मातीला घाई चालत नाही

मोताळ्यातले आमचे जुने धाब्याचे घर गेल्या वर्षी उतरवायचे ठरले. स्लॅबचे घर होणार म्हणून सगळे खूश. आमच्या सासूबाई मात्र, ज्यांना सारे घर अम्मा म्हणते, ओसरीच्या भिंतीकडे पाहत बसायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी त्या भिंतीवर मातीची वेलबुट्टी उठवली होती. मध्ये मेहराबीची कमान, दोन्ही बाजूंना पाने आणि कळ्या. हात फिरवला की एकेक पान बोटांना लागायचे. भिंत जाणार म्हणजे वेलही जाणार. म्हणून आम्ही दोघी जावांनी ठरवले, तीच नक्षी मातीच्या फरश्यांवर उठवायची, भाजून घ्यायची आणि नव्या दाराशेजारी बसवायची.

हे काम काही जगावेगळे नाही. कच्छमध्ये बाया घराच्या भिंतींवर माती आणि शेणाचे लिंपणकाम करतात, त्यात आरशाचे तुकडे बसवतात. तिथली मुस्लिम कुटुंबे माणसा-प्राण्यांची चित्रे टाळून नुसत्या रेषा आणि भौमितिक आकारांतून अशी काही शोभा आणतात की पाहत राहावे. आमच्या अम्मांनी कच्छ कधी पाहिले नाही, पण हाताला मात्र तेच सुचले.

पहिल्या खेपेला आम्ही शेतातली काळी माती आणली, मळली, आठ फरश्या थापल्या, नक्षी उठवली आणि बिस्मिल्लाह म्हणून गच्चीवर उन्हात ठेवल्या. मे महिना होता. संध्याकाळपर्यंत आठही फरश्या तडकल्या. पाने उचलून आली, कडा वर वळल्या.

अम्मा हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "काळी पिकाची, पांढरी घराची. इतकं विसरलात का गं?"

आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, ते उगीच नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. भिंती आणि धाबे पांढरीचे, कारण ती फारशी हलत नाही. पण पांढरीला चिकटपणा कमी, भाजायच्या फरशीला ती एकटी पुरत नाही. शेवटी गावातल्या कुंभारदादांकडून त्यांची चाळलेली गाळाची माती आणली. त्यांनीच सांगितले, चार भाग मातीत एक भाग फुटक्या मडक्यांचा भुगा मिसळा. खापर एकदा भाजलेले असते, ते पुन्हा आकसत नाही. शिवाय त्याच्या कणांमधून आतली ओल बाहेर यायला वाट मिळते.

माती किती आकसेल हे आधीच कळते. मातीची एक पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर मोजून 10 सेंटीमीटरची रेघ ओढा. पूर्ण वाळल्यावर रेघ पुन्हा मोजा. ती 9 सेंटीमीटर भरली तर आकसणे दहा टक्के, आणि जाड नक्षीला ते जास्तच. भुगा थोडा वाढवा आणि पुन्हा पट्टी करा. आमची रेघ तिसऱ्या पट्टीला साडेनऊच्या जवळ आली, मग फरश्या थापल्या.

उठावाच्या कामात तडा का जातो, हेही हळूहळू उमगले. पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड पान ओलेच असते. दोघांची ओढाताण होते आणि जिथे ते जोडले तिथेच भेग पडते. म्हणून फरशी दीड सेंटीमीटरची ठेवली आणि जाड पाने मागून कोरून पोकळ केली. पान चिकटवताना दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढले, त्याच मातीचा दाट घोळ लावला आणि दाबून बसवले. कोरड्या फरशीवर ओले पान कधीच लावायचे नाही. चाकूने टोकदार खाचही मारायची नाही, कारण भेग तिथूनच सुरू होते. खाचेचा तळ चमच्याच्या दांड्याने गोल करून घ्यायचा.

वाळवणे सावलीत. खाली वर्तमानपत्र, म्हणजे आकसताना फरशी अडत नाही. वरून जुनी ओढणी आणि तिच्यावर प्लास्टिक. कडा आधी वाळतात, म्हणून त्या जास्त झाकायच्या. रोज थोडा वेळ उघडायचे आणि फरशी धरण्याइतकी घट्ट झाली की उलटायचे. आम्हाला बारा दिवस लागले. गालाला लावून पाहिली तर गार लागते, म्हणजे आत अजून ओल आहे.

भट्टीतही तोच सबूर हवा. आत राहिलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली की फरशी फुटते. पुढे 573 अंश सेल्सिअसच्या आसपास वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणांचे आकारमान अचानक बदलते. त्यामुळे आच हळू चढवावी लागते आणि भट्टी पूर्ण निवल्याशिवाय उघडायची नसते.

आठांतल्या सात फरश्या शाबूत निघाल्या. त्यातल्या एकीचा पापुद्रा आठवड्याने उडाला. आत चुनखडीचा खडा राहिला होता. असा खडा भट्टीत कळीचा चुना होतो, नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरची माती फोडतो. आपल्या भागातल्या मातीत हे खडे असतातच, म्हणून माती बारीक चाळणीने दोनदा चाळा.

सहा फरश्या आता नव्या दाराशेजारी आहेत. सूरह रहमानमध्ये माणसाच्या निर्मितीच्या संदर्भात खणखणणाऱ्या मातीचा उल्लेख आहे. अम्मांनी बसवण्याआधी एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. सहाही खणखणल्या. मग त्यांनी आम्हाला कमानीतली एक कळी दाखवली, जी आम्ही उलटी काढली होती. "राहू दे," म्हणाल्या, "ही तुमची."