गरिबीवर कुणी लिहावे?

गेल्या हिवाळ्यात मोबाईलवर एका संस्थेची जाहिरात वाचली. घरबसल्या गरिबीविषयी लेख लिहायचे, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. मात्र लेखन इंग्रजीत, संगणक स्वतःचा आणि मानधन नाही. मित्रहो, ज्याने गरिबी भोगली, नेमके त्यालाच हे परवडत नाही! सुट्टीत मी आईबरोबर कापूस वेचायला जातो. लिहीत बसलो तर बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

तरीही मी या कामाच्या विरुद्ध नाही. लिहिण्यासाठी पुण्या-मुंबईत खोली घ्यावी लागत नाही, ही केवढी सोय! पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात विद्यार्थ्यांचेही लेख येतात आणि ते मराठीतही वाचता येतात. मग धरणगावच्या मुलाने बांधावरून का लिहू नये? फक्त भाषा त्याची असावी आणि श्रमाचे मोल मिळावे.

मी आईला विचारले, "तुझ्यावर लिहू का?"

ती म्हणाली, "मनं नाव नको लिखू, पन वेचनीना भाव लिख."

दयेच्या चार पानांपेक्षा तिला दराची एक ओळ हवी होती. संस्थांनी आणि आपणही एवढे ध्यानात ठेवावे.

— द्वितीय वर्ष, कला