घोटाची छाया

आमच्या घरांतील वडील मंडळींत अण्णा सर्वांत थोरले. वय ऐंशीच्या पुढें. पण स्नानसंध्या कधीं चुकली नाहीं. गेल्या वर्षीं त्यांस अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. हातपाय लवकरच पूर्ववत् झाले, वाचाही सुधारली, आणि घरांत सर्वांस हायसें वाटलें. मात्र संध्येस बसले कीं आचमनाच्या पहिल्याच घोटाला त्यांस ठसका लागे. मऊ भात सुखरूप उतरे, पाणी तेवढें बाधे. "सावकाश घ्या" असें सांगण्यापलीकडे आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. पुढें दोन महिन्यांत दोनदां ताप आला, आणि दोन्ही वेळां न्यूमोनियाचें निदान झालें. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनीं विचारिलें, "यांचें गिळणें कोणीं तपासलें आहे काय?" गिळणें ही तपासण्याजोगी गोष्ट आहे, हें आमच्यापैकीं कोणाच्या गांवींही नव्हतें.

ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत अशा वाचकांस ही तपासणी ठाऊक असावी, म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

क्ष-किरणांनीं घेतलेला छातीचा किंवा हाडांचा फोटो बहुतेकांनीं पाहिलेला असतो. परंतु तो एका क्षणाचा असतो. मोडलेलें हाड फोटोंत दिसतें, कारण तें जागच्या जागीं असतें. गिळणें ही मात्र क्रिया आहे. श्वासाची वाट आणि अन्नाची वाट घशांत एकमेकींस छेदून जातात. घोट मागें सरकतांच नाकाकडील वाट मिटते, स्वरयंत्र वर उचललें जातें, श्वासनलिकेच्या तोंडावर लहानसें झांकण उतरतें, आणि एरवीं मिटलेलें अन्ननलिकेचें तोंड उघडतें. हें सारें सुमारें एका सेकंदांत उरकतें. रेल्वेच्या सांधेवाल्यानें क्षणभर उशीर केला तर गाडी भलत्याच रुळावर जाते. तद्वत् येथें किंचित् विलंब झाला कीं घोट फुप्फुसाच्या वाटेस लागतो. त्याबरोबर तोंडांतील जंतूही खालीं जातात. पाणी सर्वांत पातळ, म्हणून सर्वांत वेगानें धांवणारें. दुर्बळ झालेल्या घशास तेंच आवरत नाहीं. आजाऱ्यास पाणी सर्वांत सोपें, ही आपली समजूत येथें उलटी ठरते.

अशी क्रिया पाहावयाची तर क्ष-किरणांचें चालतें चित्र हवें. त्यास फ्लुओरोस्कोपी असें म्हणतात. वास्तविक हें चालतें चित्र फोटोच्याही आधींचें होय. १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्रोफेसर रोंटगेन यांस या किरणांचा शोध लागला, तोच मुळीं बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा अंधारांत अकस्मात् चमकूं लागल्यामुळें. मध्यें हात धरतांच त्यांस आपल्या हाडांची छाया पडद्यावर दिसली. पत्नीच्या हाताचा प्रसिद्ध फोटो त्यांनीं त्यानंतर, २२ डिसेंबर रोजीं घेतला.

परंतु हाडांची छाया गडद पडते, तशी घसा, जठर, आंतडीं यांची पडत नाहीं. मऊ मांसांतून किरण जवळजवळ सारखेच पार होतात. १८९६ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें या कामास हात घातला. मांजरांच्या अन्नांत त्यानें बिस्मथ या जड धातूचा क्षार मिसळला. अन्न जाईल तेथें गडद छाया जाऊं लागली, आणि जिवंत प्राण्याच्या जठरावरून सरकणाऱ्या लाटा पडद्यावर दिसूं लागल्या. १८९८ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. मांजर चिडलें किंवा घाबरलें कीं त्या लाटा थांबत, आणि शांत झालें कीं पुन्हां सुरू होत. पानावर बसल्यावर वादावादी करूं नये, हा आपल्या घरांतील आज्यांचा नियम अशा रीतीनें पडद्यावर उमटला! पुढें बिस्मथची जागा बेरियम सल्फेटनें घेतली. तें पाण्यांत विरघळत नाहीं, रक्तांत शिरत नाहीं, आणि शौचावाटे निघून जातें. बेरियमचे विरघळणारे क्षार मात्र विषारी असतात. म्हणून तपासणीकरितां खास तयार केलेलेंच बेरियम वापरतात.

आरंभीं पडद्यावरील प्रकाश इतका मंद असे, कीं डोळे अंधारास सरावावे म्हणून डॉक्टर तांबड्या कांचांचे चष्मे घालून आधीं बसून राहात. १९५० नंतरच्या दशकांत प्रतिमा उजळ करणारीं उपकरणें प्रचारांत आलीं. आतां चित्र टेलिव्हिजनसारख्या पडद्यावर उमटतें, आणि तें सांठवून हळूहळू पुन्हां पाहतां येतें.

अण्णांस खुर्चीवर बसविलें. एका बाजूस किरणांची नळी, दुसऱ्या बाजूस किरण टिपणारें यंत्र. शेजारीं शिशाचा झगा घातलेल्या स्पीच थेरपिस्ट बाई होत्या. बोलणें आणि गिळणें या दोहोंचे स्नायू बऱ्याच अंशीं एकच असल्यामुळें हें काम त्यांचें. त्यांनीं बेरियम मिसळलेलें पाणी चमच्यानें दिलें. नंतर दाट पेय, मग बिस्किटाचा तुकडा. दाट पेय आणि बिस्किट नीट उतरलें. पाण्याच्या वेळीं मात्र एक बारीक काळी रेघ श्वासनलिकेंत सरकतांना स्पष्ट दिसली. आश्चर्य पुढेंच आहे. तीनदां पाणी आडवाटेनें गेलें. ठसका एकदांच लागला. उरलेल्या दोन वेळां अण्णा स्वस्थ बसून होते. ठसका नाहीं म्हणजे सर्व ठीक, या समजुतीवर आम्ही दोन महिने काढले होते!

नंतर बाईंनीं हनुवटी छातीकडे झुकवून अर्धाच चमचा पाणी घेण्यास सांगितलें. या वेळीं रेघ सरळ अन्ननलिकेंत उतरली. दोष कोठें आहे आणि कोणत्या युक्तीनें तो टळतो, या दोन्ही गोष्टी एकाच बैठकींत कळल्या. हीच युक्ति सर्वांस लागू पडते असें मात्र नाहीं. कोणाची मान कशी असावी आणि पेय किती दाट असावें, हें ज्याच्या त्याच्या चित्रावरूनच ठरतें.

अन्ननलिका, जठर आणि आंतडीं यांच्या तपासणींतही हेंच तत्त्व आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहतांना बेरियमऐवजीं आयोडीनयुक्त औषध रक्तांत सोडतात. १९२९ मध्यें जर्मनींत व्हेर्नेर फोर्समान या तरुण डॉक्टरांनीं स्वतःच्या हाताच्या शिरेंतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, आणि ती अशाच पडद्यावर पाहिली. १९५६ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

आतां सावधगिरीविषयीं. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या किरणांखालीं वर्षानुवर्षें राहिले. १९०४ सालीं त्यांस त्यापायीं प्राणास मुकावें लागलें. चालत्या चित्रास किरण फोटोपेक्षां अधिक वेळ लागतात. यास्तव आज ते अखंड न सोडतां थोडथोडे सोडतात, आणि गिळण्याच्या तपासणींत ते एकंदर थोडींच मिनिटें चालू असतात. तथापि कारणावांचून ही तपासणी करवूं नये. गर्भवती स्त्रीनें, किंवा तसा संभव असल्यास, आधींच सांगावें. सोबत जाणाऱ्या सुनेनें किंवा लेकीनें खोलींत थांबण्यापूर्वीं शिशाचा झगा मागून घ्यावा. त्यांत संकोच नको. तपासणीनंतर शौच पांढरें होतें व मलावरोधाचा संभव असतो. तेव्हां डॉक्टर सांगतील त्या बेतानें द्रव पदार्थ द्यावे. आणि वृद्धांचें तोंड व दांत रोज स्वच्छ ठेवावे. घोट चुकलाच तरी जंतूंचा भार त्यामुळें कमी होतो.

जेवतांना वारंवार ठसका, पाणी प्याल्यावर घोगरा ओला आवाज, कारण न कळतां येणारा ताप, जेवण्यास लागणारा फार वेळ, यांपैकीं कांहीं आढळल्यास म्हातारपणाचें म्हणून सोडून देऊं नये.

अण्णांची संध्या थांबेल कीं काय, ही आमच्या मातोश्रींस मोठी धास्ती होती. बाईंनीं ती दूर केली. आचमनाचें पाणी उडदाचा दाणा बुडेल एवढेंच असावें, असें शास्त्रवचन अण्णांनींच त्यांस ऐकविलें. त्या हंसून म्हणाल्या, "मग शास्त्र पाळा, आणि हनुवटी खालीं ठेवा." तेव्हांपासून ते तसेंच करतात. ताप पुन्हां आलेला नाहीं.