‘त्याला बरं नाहीये’



हे वाक्य मी अकरा वर्षं बोलत होते. सोमवारी नवरा उठू शकायचा नाही, तेव्हा त्याच्या बॉसला. मंडळाच्या गणपतीला एकटी गेले की तुम्हाला. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की त्यांना. रात्री ताटं भिरकावणारा माणूस सकाळी मुलांना हौसेने पॅनकेक करून द्यायचा, आणि आम्ही सगळे काही घडलंच नाही असं वागायचो. बाबा आज कसा आलाय, हे मुलं गराजच्या दाराच्या आवाजावरून ओळखायला लागली, तेव्हा मात्र मी हादरले.

माझं मत स्पष्ट आहे: हे झाकणं म्हणजे संसार सांभाळणं नव्हे. मी झाकत राहिले, म्हणून त्याच्या पिण्याची किंमत तो मोजत नव्हता. मी आणि मुलं मोजत होतो. बाटल्या शोधून सिंकमध्ये ओतणं, मुलांच्या शपथा घालणं, सगळं करून झालं होतं. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्येच मान्य केलं. मधुमेह शपथेने बरा होतो का?

‘तो तयार झाल्याशिवाय काही करता येत नाही’ हाही गैरसमज. आधी आपण स्वतःसाठी मदत घ्यायची. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही बायकांचा ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, तो उगीच नाही.

त्याच्याशी बोलायचं ते तो शुद्धीत असताना, डॉक्टरची अपॉइंटमेंट आधीच ठरवून. रोज खूप पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर फिट्स येऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पिण्याची ओढ कमी करणारी औषधंही आहेत. नोकरीची भीती वाटत असेल, तर १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याखाली पात्र नोकरदाराला अशा उपचारांसाठी १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते. कुठे जायचं हे कळत नसेल, तर १-८००-६६२-४३५७ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

मात्र मारहाण ‘आजाराचा भाग’ म्हणून सोसायची नाही. तो पिऊन गाडी चालवणार असेल, तर मुलांना त्यात बसवायचं नाही. गरज पडली तर ९११. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे म्हणून गप्प बसू नका, वकिलाला विचारा. न्यू जर्सीत ‘मानवी’सारखी संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९८५ मध्येच उभी राहिली.

आता आपल्याविषयी. आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो. अंधश्रद्धेवर, जातीवर तावातावाने बोलतो. आणि शनिवारच्या पार्टीत नको म्हणणाऱ्याला ‘अरे, एक तरी घे’ असा आग्रह करतो. माझा नवरा दुसऱ्या उपचारांनंतर गेले चौदा महिने प्यायलेला नाही. पुढचं मी सांगू शकत नाही. पण त्या अकरा वर्षांत माझं खोटं तुमच्यातल्या अनेकांना कळत होतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा कुणीतरी एकदा बाजूला घेऊन ‘तू कशी आहेस?’ एवढं विचारायला हवं होतं.

पुढच्या कार्यक्रमाला कुणी एकटी आली, तर विचाराल ना?