मधले दार

माझ्या मावसबहिणीने न्यू जर्सीहून चार नकाशे पाठवले आणि सोबत लिहिले, "चाळीवर कादंबरी लिहिलीस ना? मग सांग, यांतल्या कुठल्या घरात दोन माणसांना उरलेला जन्म काढता येईल?" नकाशे मोटारहोमचे होते. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर: पुढे चालकाची जागा, मागे चूल, न्हाणीघर, बिछाना. भावोजी यंदा निवृत्त झाले. राहते घर विकून पुढची वर्षे अमेरिकेच्या रस्त्यांवर अशा घरात काढायची, असा दोघांचा बेत आहे. सुट्टीतली हौस नव्हे. बारा महिने तेरा त्रिकाळ तेच घर.

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. भावोजी इंजिनियर. त्यांना नकाशा वाचायला मी शिकवावे, हा माझा अधिकार नव्हे. पण त्यांनी खाली दोन ओळी जोडल्या होत्या, आणि त्या वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला मधे भिंत नसलेला तिसरा नकाशा पसंत आहे. आम्ही दोघंच तर आहोत. नवराबायकोत दार कशाला?"

हे मत एकट्या भावोजींचे असते, तर मी गप्प बसलो असतो. ते आपल्या साऱ्या सुशिक्षित समाजाचे मत आहे. प्रेम असले की जागा लागत नाही, भिंती दुराव्याच्या खुणा असतात, असे आपण लग्नाच्या भाषणांतून ऐकत आलो आहोत. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या कादंबरीचेही तेच मत आहे. चाळीच्या एका खोलीत भिंत नव्हती म्हणून माया होती, असे मी त्या पुस्तकात मोठ्या थाटाने लिहिले. वाचकांनी त्यावर पत्रे पाठवली. तेव्हा हा लेख भावोजींविरुद्ध जितका आहे, तितकाच माझ्याविरुद्धही आहे.

आधी मापे पाहू. रस्त्याच्या कायद्यामुळे अमेरिकेत असल्या वाहनाची रुंदी साडेआठ फुटांपुढे जात नाही. ३० फूट लांबीचे वाहन घेतले आणि त्यातून इंजिन, चालकाची जागा, भिंतींची जाडी वजा केली, तर राहायला उरतात फार तर दोनशे चौरस फूट. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे माझी ताई पस्तीस वर्षे अमेरिकेत राहून पुन्हा चाळीच्या खोलीएवढ्या जागेत येणार. येईना का! जागा लहान आहे ही माझी तक्रारच नाही. ती कशी वाटली आहे, एवढेच मला विचारायचे आहे.

भावोजींच्या लाडक्या तिसऱ्या नकाशात आठ माणसे झोपतात, असे वर ठळक छापले आहे. चालकाच्या डोक्यावर दोघे, जेवणाचे टेबल खाली पाडून दोघे, कोच उलगडून दोघे, आणि मागे कोपऱ्यातल्या पलंगावर दोघे. अहो, पण राहणार किती जण? दोन! वर्षातून चार दिवस येणाऱ्या नातवंडांसाठी तीनशे एकसष्ट दिवस कपाटाची जागा अडवून ठेवायची, हा कुठला हिशेब? आणि तो कोपऱ्यातला पलंग पाहा. तीन बाजूंनी भिंती. आतल्या बाजूला निजणाऱ्याने रात्री उठायचे तर बाहेरच्याला ओलांडून. आत कोण निजणार, हे नकाशात लिहिलेले नाही. लिहायची गरजही नाही. ताईचे दोन्ही गुडघे दुखतात.

दुसरी एक गंमत आहे. या मोटारींना स्लाइड म्हणून एक सोय असते. वाहन उभे केले आणि बटण दाबले की भिंतीचा एक भाग, त्यावरच्या कोचासकट, बाहेर सरकतो आणि खोली दोन-तीन फूट रुंद होते. विक्रेते नकाशा काढतात तो स्लाइड बाहेर काढलेला. रस्त्यावर मात्र ती आत असते, आणि मग काही नकाशांत फ्रिजचे दार अर्धेच उघडते, काहींत पलंगापर्यंत जाता येत नाही, काहींत शौचकूपाची वाटच बंद होते. मी ताईला लिहिले की, चारही नकाशांत स्लाइड आत ढकलून पुन्हा काढ, आणि मग घाटात पाऊस लागल्यावर तुला कुठे बसता येईल ते पाहा. तिसऱ्या नकाशात उत्तर आले: कुठेच नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वर्गात पंचेचाळीस मुले समोर असताना माझा जीव गुदमरत नाही, कारण घंटा होते आणि मी बाहेर पडतो. घराला घंटा नसते. दोन माणसे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दोनशे चौरस फुटांत असली, एकाचे बातम्यांचे वेड आणि दुसरीचे वाचनाचे, एकाचा खोकला आणि दुसरीची अर्धशिशी, तर प्रेम पुरत नाही. दार लागते. म्हणून माझी पसंती दुसऱ्या नकाशाला आहे. त्यात निजण्याची खोली अगदी मागे, बैठक आणि चूल पुढे, आणि न्हाणीघर मधे. बैठकीच्या बाजूला एक सरकते दार, पलंगाच्या बाजूला दुसरे. एकाने पहाटे दोनपर्यंत दिवा लावून वाचावे, दुसऱ्याच्या डोळ्यांवर तिरीपही पडू नये. शिवाय पाहुणा आला तर त्याला निजणाऱ्याच्या उशापायथ्याशी अवघडून जावे लागत नाही. न्हाणीघर अगदी मागे असलेल्या नकाशात ते टळत नाही. पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा असावा, हे तर बोलायलाच नको. तो घरच्या पलंगापेक्षा पाच इंच आखूड निघाला तरी मी सहन करीन.

भावोजींचे म्हणणे मी टाळत नाही. ते म्हणतात, मधे न्हाणीघर घातले की बैठक तोकडी होते. खरे आहे, होते. ते म्हणतात, मोठे वाहन सगळीकडे जात नाही. हेही खरे: ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब वाहनाला मज्जाव आहे. पण त्यासाठी लोक मागे छोटी मोटार बांधून नेतात. एका डोंगरासाठी उरलेला जन्म कोंडून घेत नाहीत. मग ते स्टाइनबेकचे नाव काढतात. स्टाइनबेकने १९६० साली मालमोटारीवर खोली बांधून घेतली, तिला डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले, देश पालथा घातला आणि १९६२ साली त्यावर पुस्तक लिहिले. उत्तम पुस्तक आहे. पण त्याच्या सोबतीला कुत्रा होता, भावोजी!

आणि त्यांचे शेवटचे, सर्वांत गोड वाक्य: "घर फक्त निजायला. अंगण म्हणजे अख्खी अमेरिका." हे वाक्य मी चाळीतही ऐकले आहे. तिथे अंगण म्हणजे अख्खी चाळ होती. पुरुषांसाठी होती. वडील जेवण झाले की नाक्यावर जात, आम्ही पोरे मैदानात. आई खोलीत असे, आणि खोली कधी रिकामी नसे. ती पहाटे साडेतीनला उठून जिन्यात जाऊन बसायची. पाण्यासाठी उठते, असे आम्ही धरून चाललो होतो. पाणी तर साडेचारला येई. कादंबरीत मी तिचे ते लवकर उठणे कष्टाळूपणा म्हणून रंगवले. पुस्तक वाचून झाल्यावर ती म्हणाली, "छान लिहिलंयस. पण तो एक तास मी जिन्यात का बसायचे, ते विचारलं नाहीस." मी तेव्हाही विचारले नाही. ती जाऊन सहा वर्षे झाली.

हे सगळे मी ताईला लिहिले. भावोजींनी वाचू नये अशी काही माझी इच्छा नव्हती, आणि त्यांनी वाचलेच. चार दिवसांनी फोन आला तो त्यांचाच. "तुमच्या ताईला चाळीस वर्षांत दार हवंसं वाटल्याचं मला ठाऊक नव्हतं," म्हणाले. आवाजात राग होता की आणखी काही, ते मला कळले नाही. मग फोन ताईने घेतला. दुसऱ्या नकाशाचे वाहन पाहायला ते शनिवारी जाणार आहेत. एकाने पुढे भांडी वाजवायची, दुसऱ्याने मागे पडून ऐकायचे, मग जागा बदलायच्या, असे मी सुचवले होते. ते तिने कबूल केले. "दार सरकतं आहे," ती म्हणाली, "पण त्याला आतून कडी आहे की नाही, ते कागदावरून कळत नाही. ते मी विचारणार आहे."