मुकी झालेली गाडी परत बोलावलीच पाहिजे

प्रवाशाच्या सीटबेल्टचा सेन्सर सदोष निघाला म्हणून एखाद्या कंपनीने हजारो गाड्या परत बोलावल्या, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली : ‘कंपनीच बेकार. बरं झालं, ती गाडी घेतली नाही.’ दुसरी : ‘एवढ्याशा बीपसाठी केवढा गाजावाजा! इंजिन चांगलं आहे, ब्रेक लागतात, बेल्ट जागेवर आहे. मग सर्व्हिस सेंटरला खेटे कशाला घालायचे?’ मीरा रोडच्या सोसायट्यांच्या पार्किंगपासून काशिमीऱ्याच्या गॅरेजांपर्यंत ही दोन्ही मतं सर्रास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरं तर जिवावर बेतणारं आहे.

आधी हा सेन्सर करतो काय, ते पाहू. पुढच्या डाव्या सीटच्या कव्हरखाली वजन ओळखणारी एक पातळ पट्टी बसवलेली असते. बेल्टचं टोक ज्या बकलमध्ये अडकतं, त्याच्या पोटात एक छोटा स्विच असतो. सीटवर कुणी बसलं आहे की नाही हे पट्टी कळवते, बेल्ट लागला की नाही हे स्विच कळवतो. माणूस आहे पण बेल्ट नाही, असा निरोप गेला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीने वेग घेतला की बीप सुरू होते. 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या प्रत्येक कारमध्ये चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी ही सूचना सक्तीची आहे.

ही व्यवस्था दोन तऱ्हांनी बिघडते. माणूस बसला तरी ती सीट रिकामी समजते आणि गप्प राहते. किंवा सीट रिकामी असतानाही बीप करत सुटते. पहिल्यातला धोका उघड आहे. दुसरा बिघाड नुसता त्रासदायक वाटतो, पण त्याचा शेवटही तिथेच होतो. वैतागलेला मालक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून एक स्वस्तातली क्लिप आणतो आणि बकलमध्ये कायमची खोचून टाकतो. त्या दिवसापासून त्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकासाठी, मग ती बायको असो, मुलगी असो की म्हातारे वडील, गाडी मुकी होते.

आता आक्षेपांकडे वळू. ‘सेन्सर बिघडला तरी बेल्ट शाबूत आहे ना?’ आहे, पण लावला जात नाही, हेच तर दुखणं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात सीटबेल्ट न लावलेल्या 16,715 जणांचा अपघातात जीव गेला. त्यांत 8,384 चालक होते आणि 8,331 प्रवासी. म्हणजे शेजारी किंवा मागे बसलेली माणसं जवळपास चालकांइतकीच गेली. पोलिसाची नजर चालकावर असते, दंडाची धास्तीही त्यालाच. प्रवाशाला आठवण करून देणारं त्या क्षणी दुसरं कुणी नसतं; म्हणून ती बीप बेल्टइतकीच मोलाची आहे.

‘हायवेला लावतो की बेल्ट, गोल्डन नेस्टहून स्टेशनला जाताना कशाला?’ हा आक्षेप तर मीरा-भाईंदरमध्ये घरोघरी आहे. इथे साधं गणित पुरेसं आहे. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी आदळली तर बेल्ट न लावलेल्या शरीराला बसणारा आघात सुमारे 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका असतो. वेग 30 असला तरी तो पहिल्या मजल्यावरून पडण्याइतका भरतो. डॅशबोर्डवर हात टेकवून कुणी हा आघात अडवू शकत नाही.

शिवाय आपल्या शहराला हायवे परका नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग दहिसर चेकनाक्यावरून काशिमीऱ्यात येतो आणि वरसावे पुलावरून खाडी ओलांडून पालघरकडे जातो. याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, 4 सप्टेंबर 2022 रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. गाडी मर्सिडीज होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी कितीही महाग असली तरी बेल्टचं काम दुसरं काहीही करत नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं.

‘एअरबॅग आहेत ना!’ एअरबॅग बेल्टच्या मदतीसाठी असते, त्याच्या जागी नाही. ती डोळ्याचं पातं लवण्याआधी फुगते. बेल्ट नसेल तर अंग पुढे फेकलं जातं आणि त्या उसळत्या पिशवीवरच जाऊन आदळतं. त्यातही काही गाड्यांत प्रवाशाची एअरबॅग फुगवायची की नाही, हे सीटमधला वजनाचा सेन्सरच ठरवतो, कारण पुढे लहान मूल असेल तर तीच पिशवी घातक ठरते. फेब्रुवारी 2024 मध्ये होंडाने अमेरिकेत साडेसात लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. सेन्सरला तडा जाऊन शॉर्टसर्किट होऊ शकतं आणि एअरबॅग बंद राहायला हवी तेव्हाही चालू राहू शकते, असं आढळलं होतं. त्याच वर्षी टेस्लाने सीटबेल्टची सूचना नीट मिळत नाही म्हणून 1,25,227 गाड्यांसाठी रिकॉल काढला. ज्या देशांत माणसाच्या जिवाचा हिशेब चोख ठेवला जातो, तिथे ‘एवढीशी बीप’ असं कुणी म्हणत नाही.

आता पहिलं मत : रिकॉल काढणारी कंपनी बेकार. हे उफराटं आहे. सुट्या भागांच्या एखाद्या खेपेत दोष राहणं कुठल्याही कारखान्यात घडू शकतं. प्रश्न असतो तो सापडल्यावर कंपनी काय करते याचा. डिसेंबर 2022 मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल 6 आणि ग्रँड विटारा या मॉडेलांच्या 9,125 गाड्या परत बोलावल्या. पुढच्या बेल्टची उंची कमीजास्त करणाऱ्या भागात दोष असण्याची शक्यता होती. पुढच्याच महिन्यात मागच्या बेल्टच्या ब्रॅकेटसाठी 11,177 ग्रँड विटारा बोलावल्या. दोन्ही वेळा भाग फुकट बदलून देण्याची जबाबदारी कंपनीने घेतली. दोष जाहीर करणाऱ्या कंपनीला आपण नावं ठेवू लागलो, तर उद्या दुसरी कंपनी दोष लपवेल, आणि त्याची किंमत आपणच मोजू.

रिकॉल ही कंपनीची मेहेरबानीही राहिलेली नाही. 2012 पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती, कायदा नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या वाहनात सुरक्षेचा दोष असल्याच्या तक्रारी ठरावीक संख्येने आल्या, तर सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे आपली तक्रार मोजली जाते. गॅरेजात वायर तोडून बीप बंद करणारा मालक ती तक्रारच पुसून टाकतो.

क्लिपवाल्यांचं ‘आमची गाडी, आमची मर्जी’ हेही टिकत नाही. मागे बेल्ट न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर जाऊन आपटतो आणि पुढच्याचाही जीव धोक्यात घालतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा विकायला मनाई केली. 13,118 जाहिराती उतरवाव्या लागल्या. चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत पुढच्या सीटवर बसलो तेव्हा अशी क्लिप लावलेली आढळली, असं खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी सांगितलं होतं. वर ही तऱ्हा, तर खाली टॅक्सीत मागच्या सीटचं बकल कव्हराखाली गाडलेलं सापडावं, यात नवल नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कंपनीचा निरोप पहिल्या खरेदीदाराच्या फोनवर जातो. गाडी दोनदा विकली गेली असेल तर आजच्या मालकाला पत्ताच नसतो. गाडी नावावर करताना आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरले जातात, तेव्हाच ‘या गाडीचा रिकॉल बाकी आहे’ हे पडद्यावर दिसलं पाहिजे. विम्याचं नूतनीकरण आणि पीयूसी करतानाही दिसलं पाहिजे. गाडीचा नंबर सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत आहेच; त्याला रिकॉलची नोंद जोडायला नवा कायदा लागत नाही. पोलिसांनी नाक्यावर बेल्ट तपासताना बकलमधली क्लिपही काढून घ्यावी, आणि ती विकणाऱ्या दुकानांवर कारवाई करावी.

सरकार हे करेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. आज घरी गेल्यावर आरसी काढा, त्यावरचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घाला आणि रिकॉल बाकी आहे का ते पाहा. शेजारच्या सीटवर कुणाला तरी बसवून, बेल्ट न लावता, सोसायटीच्या आवारात इंजिन सुरू करा. दिवा लागत नसेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. क्लिप असेल तर ती काढून मोडून टाका. गाडी फुकट दुरुस्त करून घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि शेजारी बसलेल्या माणसाला सुखरूप घरी आणणं हे तुमचं कर्तव्य.