नवोदितांचे माप कोणत्या गजाने?

(तृतीय वर्ष कलेचा एक विद्यार्थी)

गेल्या जुलैमध्ये जिमखान्याच्या फलकावर हॉकी संघाच्या निवडीची सूचना लागली आणि प्रथम वर्षाची नऊ मुले मैदानावर आली. मी संघातला जुना खेळाडू. त्यामुळे निवड करणाऱ्या सरांच्या शेजारी वही घेऊन बसण्याचा मान मला मिळाला. प्रत्येक नावापुढे मी शेरा लिहीत होतो. एका मुलाच्या नावापुढे लिहिले, "चेंडू सुटतो. दम नाही. पुढे काही होईल असे वाटत नाही." वीस मिनिटांच्या खेळावरून ठोकलेली ही तीन वाक्ये. मुलांनी ती वहीत डोकावून वाचलीही. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

दिवाळीच्या आधी तो कॅन्टीनमध्ये भेटला. बोलता बोलता कळले की, शाळेत तो अनवाणी खेळत असे. त्या दिवशी पायात मित्राचे बूट होते, तेही एक नंबर मोठे. शिवाय पहाटे वर्तमानपत्रे टाकून तो तसाच मैदानावर आला होता. त्याने तक्रार केली नाही. पण माझ्या घशाखाली चहा उतरेना. हा लेख लिहिण्याचे कारण तेवढेच.

मी काही हॉकीतला तज्ज्ञ नव्हे. परंतु नवोदित खेळाडूंची पारख आपण ज्या पद्धतीने करतो, ती मुळातच चुकीची आहे असे माझे मत झाले आहे. आजचा संघ निवडणे ही एक गोष्ट आणि खेळाडूचे भविष्य सांगणे ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट करताना आपण दुसरीही उरकून टाकतो. गफलत होते ती इथेच.

हे आपल्याच महाविद्यालयात घडते असे नाही. भारतीय हॉकीचा अलीकडचा इतिहास पाहा. 2001 साली होबार्ट येथे आपल्या कुमार संघाने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा 6-1 असा फडशा पाडला. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग, अर्जुन हालप्पा अशी एकाहून एक नावे त्या संघात होती. आता ऑलिंपिकचे पदक दूर नाही, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. पुढे काय झाले? 2003 साली मोटार अपघाताने जुगराजची कारकीर्द ऐन भरात असताना संपवली. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर संघाचा प्रशिक्षक बदलण्यात आला आणि आपण सातवे आलो. 2008 साली तर बीजिंगची पात्रताही हुकली.

आता 2016 चा कुमार विश्वचषक घ्या. लखनौला अंतिम सामन्यात आपण बेल्जियमला 2-1 असे हरवले. उपान्त्य सामना तर बरोबरीत सुटून शूटआउटवर गेला होता. नुसत्या गोलफलकावरून माप घ्यायचे तर हा संघ होबार्टच्या संघापुढे फिकाच. पण याच संघातले हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, वरुण कुमार, सिमरनजीत सिंग, गुरजंत सिंग, नीलकांत शर्मा आणि सुमित हे 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. एक्केचाळीस वर्षांनी भारताला हॉकीचे पदक मिळाले, ते यांच्यासह. आणि लखनौचा कर्णधार हरजीत सिंग? ज्याच्या हाती चषक होता, त्याच्या वाट्याला ऑलिंपिक आले नाही.

त्याच संघातल्या सिमरनजीतची गोष्ट तर निवड करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. टोकियोसाठी जे सोळा जण निवडले गेले, त्यांत त्याचे नाव नव्हते, तो राखीव होता. साथीच्या काळातील नियमांमुळे राखीव खेळाडूंनाही खेळवण्याची मुभा मिळाली म्हणून तो मैदानात उतरला. जर्मनीविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना आपण 5-4 असा जिंकला, त्या पाचांपैकी दोन गोल या राखीव खेळाडूचे होते. नियम बदलला नसता तर? सोळांची यादी करणाऱ्यांचा त्या दिवशीचा निर्णय कदाचित योग्यही असेल. पण यादीत नसणे म्हणजे कुवत नसणे नव्हे, एवढे तरी यातून सिद्ध होते.

हरमनप्रीत 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये विशीचा होता. तिथे त्याची छाप पडली नाही. तोच खेळाडू 2024 साली पॅरिसमध्ये कर्णधार होता. स्पर्धेत त्याने दहा गोल केले आणि स्पेनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यातले दोन्ही गोल त्याचेच. रिओवरून त्याच्या नावापुढे कोणी माझ्यासारखा शेरा मारून वही मिटली असती तर?

कोणी म्हणेल, अस्सल सोने पहिल्याच दिवशी चमकते. राणी रामपालचे उदाहरण देतील. खरेच आहे. 2010 च्या विश्वचषकात पंधरा वर्षांच्या राणीने सात गोल केले आणि सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान मिळवला. तिची पारख करायला तज्ज्ञाची गरज नव्हती. पण पुढचे पाहा. 2016 साली रिओमध्ये तिचा संघ शेवटचा आला. 2021 मध्ये टोकियोत तिच्याच नेतृत्वाखाली तो चौथा आला. म्हणजे जिची गुणवत्ता सर्वांना मान्य होती, तिच्याही संघाला वर यायला अकरा वर्षे लागली. मग ज्याची गुणवत्ता अजून झाकलेली आहे, त्याला आपण वीस मिनिटे देणार?

आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले आठवा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, धुळीच्या मैदानावर, मोडलेल्या स्टिका जोडून तो खेळायला शिकला. मुंबईला थोरल्या भावाकडे राहायला जागा मिळाली, मार्गदर्शक मिळाला, खेळायला संघ मिळाला. 1989 साली तो भारताकडून खेळला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला. त्याचे पाय वेगवान होते हे खरे. पण ते पाय योग्य मैदानापर्यंत पोचले नसते तर तो वेग कोणी पाहिला असता? खेळाडूचे भविष्य अर्धे त्याच्या अंगात असते आणि अर्धे त्याच्या भोवतालच्या माणसांच्या हातात. ते दुसरे अर्धे आपण कधीच मोजत नाही, कारण तिथे आपलेच गुण मोजावे लागतील.

मग पाहायचे तरी काय? माझ्या अल्प अनुभवावरून सांगतो. चेंडू सुटला की नाही यापेक्षा, सुटल्यावर मुलगा काय करतो ते पाहावे. कमरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे धावतो? चेंडू येण्याआधी मान वर करून आपला गडी कुठे आहे हे पाहतो का? सोमवारी सांगितलेली चूक शुक्रवारी कमी झाली का? बदली म्हणून बाहेर बसवल्यावर सामन्याकडे पाहतो की तोंड फिरवतो? ज्याच्या नावापुढे मी मोठ्या डौलाने "उद्याचा कर्णधार" असे लिहिले होते, तो दोनदा राखीव बसताच सरावाला येईनासा झाला. हे वीस मिनिटांत कसे कळणार? आणि अंगापिंडाने लवकर भरलेला मुलगा आज सरस दिसतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याची बरोबरी करतात, हेही विसरू नये.

यावर आमचे सर म्हणतात, "अरे, आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरलो की घरी. मी शिकाऊ पोरे कशी उतरवू?" सरांचे म्हणणे खोटे नाही. अकरा जण निवडताना त्यांनी तयार खेळाडूच घ्यावेत. माझे मागणे अकरातल्या जागेचे नाहीच, मैदानावरच्या जागेचे आहे. प्रथम वर्षाचे जे कोणी येतील त्या सर्वांना निदान दिवाळीपर्यंत सराव करू द्यावा. त्यांचा ब संघ करून शेजारच्या महाविद्यालयांशी पाच-सहा मैत्रीचे सामने खेळवावेत. त्याला खर्च फारसा नाही, एक शिट्टी, दोन पंच आणि चहा. जिमखान्याने चार जोड बूट आणि सहा स्टिका अशा मुलांसाठी राखून ठेवाव्यात. आणि शेरे लिहायचेच तर ते हंगामाच्या शेवटी लिहावेत, त्या मुलाला समोर बसवून.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. प्रथम वर्षाच्या पहिल्या चाचणीत आपल्यापैकी किती जण पास झालो होतो ते आठवा. त्या गुणांवरून प्राध्यापकांनी आपल्याला वर्गाबाहेर काढले नाही म्हणून आज आपण तृतीय वर्षात आहोत. जी सवलत आपल्याला वर्गात मिळाली, ती मैदानावर दुसऱ्याला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझे हे शेवटचे वर्ष. ती वही मी नव्या कर्णधाराच्या स्वाधीन करणार आहे. त्या पानावरचा माझा शेरा मी खोडला आहे आणि खाली लिहिले आहे, "पुन्हा बोलवावे." मी स्वतः दोनदा त्याच्या वर्गावर जाऊन आलो. तो "बघू" म्हणाला. येत्या जुलैत तो आला, तर मी मैदानावर नसेन. तुम्ही असाल. एवढेच करा, त्याच्या मापाचे बूट तयार ठेवा.