पाटीवर वैद्य, हातात सलाईन

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप पुकारला होता, हे वाचकांना आठवत असेल. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेने करून घ्यावी की नाही, असा तो वाद होता. शहरांतून त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर मात्र त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. तेथे माणसे ज्या डॉक्टरांच्या दारात सकाळी जाऊन बसतात, त्यांतले बरेचसे संप करणाऱ्या संघटनेचे सभासदच नाहीत. ते बी.ए.एम.एस. आहेत, म्हणजे पदवीने वैद्य.

मी त्यांच्यापैकीच एक. आठवड्याचे चार दिवस शिरूरला बसतो, दोन दिवस न्हावरे-पारगाव-चौफुला करीत दौंड गाठतो. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ऊस आहे, पारगावच्या पुढे गुऱ्हाळांची धुराडी लागतात. घोड आणि भीमेच्या पाण्याने हा मुलूख सधन झाला. रांजणगावच्या कारखानदारीने त्यात पगाराची भर घातली, आणि दौंडला तर रेल्वेचे जंक्शन पूर्वीपासूनच आहे. अशा भागात वैद्याकडे कोण येते? मधुमेहाचा बागायतदार येतो, पाळ्या बदलून झोप उडालेला कंपनीतला मुलगा येतो, अवेळी जेवून पित्त उसळलेला रेल्वेचा माणूस येतो. आणि दिवाळीनंतर येतात ऊसतोडीच्या टोळ्या.

या टोळीतल्या माणसाचेच उदाहरण घेतो. ताप आहे, अंग मोडून आले आहे. शास्त्राप्रमाणे त्याला लंघन सांगावे, पेज द्यावी, दोन दिवस विश्रांती घ्यायला लावावी. तो म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक बाटली लावा अन् मोकळं करा. उद्या कोयता धरायचाय." मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा झाला तर तो हिशेबात लागतो, आणि नवराबायकोच्या कोयत्यात एक जण आजारी म्हणजे दुसऱ्याचाही दिवस बुडाला. त्याला लंघनाचा उपदेश करणारा वैद्य पुस्तकाप्रमाणे बरोबर असेल, पण तो रोगी पुन्हा त्याची पायरी चढणार नाही. समोरच्या दवाखान्यात जाईल आणि तेथे बाटली लागेल. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा सलाईनची गरज नसते, मीठ-साखर-पाण्याने तेच काम होते, हे मी रोज सांगतो. काही जण ऐकतात.

गावातला वैद्य सुईकडे का वळला, याचे उत्तर अर्धे या उसाच्या फडात आहे. उरलेले अर्धे मुंबईत, सचिवालयाच्या कागदपत्रांत सापडते. शिरूरच्या एका बाजूला नगर, तेथे गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद विद्यालय उभे केले. दुसऱ्या बाजूला पुणे, तेथे १९३३ पासून टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे. अभ्यासक्रम 'शुद्ध' असावा की 'मिश्र', यावर १९५० च्या दशकात वैद्यमंडळींत कडाक्याचे वाद झाले. शुद्धवाद्यांचे म्हणणे होते की मिश्र शिक्षणातून वैद्यही धड निघणार नाही आणि डॉक्टरही. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत, पण ही भीती पोकळ नव्हती. पुढे १९६१ चा महाराष्ट्राचा वैद्यकव्यवसायी अधिनियम आला. नोव्हेंबर १९९२ मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली, मात्र त्या पद्धतीचे जेवढे शिक्षण मिळाले असेल तेवढ्यापुरती. सर्वोच्च न्यायालयाने मुख्तियार चंद खटल्यात ऑक्टोबर १९९८ मध्ये निकाल दिला की राज्याच्या कायद्याने अशी परवानगी असेल तरच ती ग्राह्य, एरवी नाही.

माझ्या मते सगळे दुखणे 'शिक्षण मिळाले असेल तेवढ्यापुरती' या अटीत आहे. हे 'तेवढे' म्हणजे किती? साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची उमेदवारी यांत आम्ही चरक, सुश्रुत, वाग्भट शिकतो. शरीररचना आणि रोगनिदान आधुनिकही शिकतो. पण कोणती प्रतिजैविके किती दिवस द्यायची, मूत्रपिंड बिघडलेल्या म्हाताऱ्याला कोणती वेदनाशामके वर्ज्य, हे ज्या सविस्तरपणे शिकवायला हवे तसे शिकवले जात नाही. बहुतेक मुले ते एखाद्या मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी डॉक्टर म्हणून तुटपुंज्या पगारावर शिकतात. कोणी चांगला वरिष्ठ भेटला तर चांगले शिकतात. शासनाने मुभा दिली आणि शिकवण्याची जबाबदारी नशिबावर सोडली.

हेच शासन गरज पडली की मात्र आम्हाला बोलावते. २०१४ साली राज्यात '१०८' ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. पुणे-नगर रस्त्यावर अपघात झाला की जी गाडी येते, तिच्यातला डॉक्टर बहुधा बी.ए.एम.एस. असतो. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचे ठरले, तेव्हा सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम देऊन आयुर्वेद पदवीधरच मोठ्या प्रमाणात घेतले गेले. आता याच्या शेजारी एप्रिल २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवा. गुजरातच्या आयुर्वेद डॉक्टरांनी एम.बी.बी.एस.च्या बरोबरीने वेतन मागितले होते. न्यायालयाने ते नाकारले. कारण असे की तातडीची सेवा आणि अपघातातील जखमींवरचे उपचार ॲलोपॅथीचे डॉक्टर करू शकतात तसे आयुर्वेदाचे करू शकत नाहीत. निकाल गुजरातच्या सेवाशर्तींवर होता हे खरे. पण शिक्रापूरजवळ उलटलेल्या ट्रकमधून चालकाला बाहेर काढणाऱ्या आमच्या मुलाने तो वाचला, तर त्याने स्वतःला काय समजावे?

२०२० साली पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची यादी मिळाली आणि तेव्हाही एक संप झाला. तो वाद मुख्यतः शहरी होता, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

मग आयुर्वेदाचे काय उरले, असे कोणी विचारील. पुष्कळ उरले आहे, पण निवडून घ्यावे लागते. भगंदराचे क्षारसूत्र घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. जखम भरायला क्षारसूत्राने दुप्पट, म्हणजे सुमारे आठ आठवडे लागले, पण वर्षभरात आजार उलटण्याचे प्रमाण ४ टक्के होते, शस्त्रक्रियेत ११ टक्के. रोग्याला दोन्ही बाजू सांगून त्याला निवडू द्यावे असा हा उपचार आहे. जेवणाच्या वेळा, झोप, ऋतूप्रमाणे आहार यांबाबत तर आमच्याजवळ रोग्याशी बोलायची जुनी, घरातली भाषा आहे. ज्वारीची भाकरी, ताक, रात्रीचे हलके जेवण म्हटले की आजीबाईंना ते आपलेच वाटते आणि मधुमेहाचे पथ्य पाळले जाते.

उलट सर्पदंश घ्या. अगदतंत्र मी शिकलो आहे. तरी उसात घोणस चावलेला माणूस आला तर मी काढा उकळत बसत नाही. पाय हलू न देता त्याला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पाठवतो. माझ्या गुरुजींनीही हेच केले असते.

आणि एक गोष्ट आमच्याच मंडळींना कडू लागेल. सांधेदुखीवर बिनलेबलाची पुडी देणारे बाजाराच्या दिवशी ठिकठिकाणी बसतात. चार दिवसांत आजीबाई चालू लागतात, चेहरा गोल होतो, मग साखर वाढते. त्या पुडीत स्टिरॉइड असावे, हे ओळखायला पंचनामा लागत नाही. २००८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवर विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शोधित भस्म वेगळे, असे आम्ही उत्तर देतो. ते उत्तर देणाऱ्याने आपल्या औषधाच्या प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल रोग्याला दाखवायची तयारी ठेवावी. 'आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतो' हे वाक्य माझ्या दवाखान्यात कोणी उच्चारले तर मी त्याला थांबवतो. मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करून चूर्णावर आलेल्या माणसाच्या पायाची जखम मला बांधावी लागते.

होमिओपॅथांना निदान एका वर्षाचा अभ्यासक्रम लावला गेला. तो पुरेसा आहे की नाही हा वेगळा वाद. आम्हाला तेवढाही नाही. माझी मागणी साधी आहे. सरकारने औषधांची यादी छापावी. खेड्यातल्या वैद्याने कोणती आधुनिक औषधे स्वतः द्यावीत, कोणती फक्त पहिला डोस म्हणून देऊन रोगी पुढे पाठवावा आणि कोणत्यांना हात लावू नये, हे तीत मराठीत लिहिलेले असावे. त्या यादीपुरते शिक्षण जिल्हा रुग्णालयात, एम.बी.बी.एस. शिक्षकांच्या हाताखाली, परीक्षेसह द्यावे. पास न होणाऱ्याने फक्त आयुर्वेद करावा. ती यादी दवाखान्याच्या भिंतीवर, रोग्याला वाचता येईल अशी लावणे सक्तीचे करावे. ॲलोपॅथीच्या संघटनांना हे मान्य नसेल, तर न्हावऱ्याच्या पुढच्या वाडीवर रात्री दोन वाजता कोणता एम.बी.बी.एस. बसणार आहे, त्याचे नाव त्यांनी द्यावे. तो आला तर मी आनंदाने माझे सलाईनचे स्टँड त्याच्या हवाली करीन. भगंदराचे रोगी मात्र त्याने माझ्याकडे पाठवावेत.